शर्यतीच्या गाडीवर कोणाचा रंग?

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना, पश्चिमेला घोडपदेव आणि दक्षिणेला, पुढच्याच डॉकयार्ड रोड स्टेशनालगत, माझगाव. बॅरिस्टर नाथ पै मार्गावरून दिवसरात्र ट्रक जात असतात. कुणावर भंगाराचे पत्रे, कुणावर सळ्या, कुणावर बंदरातून उचललेला कंटेनर. मोटारींच्या इतिहासात या पट्ट्याला मानाची जागा आहे, पण ती फार थोड्यांना माहीत आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये भारतात मोटारी जोडायचा कारखाना काढला, तो इथून दोन स्टेशनांवरच्या शिवडीत. आणि १९४९ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राने ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडून माझगावात जागा भाड्याने घेऊन विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बोटीने यायचे. धक्क्याजवळच गाडी उभी करणे सोयीचे होते, म्हणून जागा निवडली गेली ती बंदराच्या कडेची.

त्यानंतर ६५ वर्षांनी, १३ सप्टेंबर २०१४ रोजी, विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेची पहिली शर्यत बीजिंगला झाली. त्या शर्यतीत महिंद्राच्या दोन गाड्या होत्या. एकीत करुण चंधोक, दुसरीत ब्रुनो सेना. चंधोक पाचवा आला. मालिकेतला तो एकमेव भारतीय संघ होता आणि गाडीवर सर्वांत ठळक अक्षरांत मुंबईच्या कंपनीचे नाव होते. हे नाव तिथे का लिहायचे, त्यासाठी पैसे कोण मोजतो आणि त्याच्या पदरात काय पडते, हे समजून घ्यायचे तर शर्यतीच्या गाडीचा रंग आजवर कोणाकोणाच्या मालकीचा होता हे पाहावे लागते.

सुरुवातीला तो देशाचा होता. न्यूयॉर्क हेरल्ड या वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी १९०० मध्ये देशादेशांतल्या मोटार शर्यतींसाठी चषक ठेवला. कोणती गाडी कोणत्या देशाची हे लांबून ओळखता यावे म्हणून फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा असे रंग ठरले. १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली आणि ब्रिटनच्या गाड्या तिथे हिरव्या रंगात उतरल्या. पुढे तोच ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ झाला. इटलीचा लाल फेरारीने आजपर्यंत जपला आहे. जर्मनांचा पांढरा १९३० च्या दशकात चंदेरी झाला. वजनाची मर्यादा पाळण्यासाठी रंग खरवडून उघडा पत्रा ठेवला, अशी त्यामागची कथा प्रसिद्ध आहे, मात्र इतिहासकार तिच्याबद्दल साशंक आहेत.

या काळात गाडीवर जाहिरात नव्हतीच असे नाही. तेल, टायर, स्पार्क प्लग बनवणाऱ्यांचे तळहाताएवढे स्टिकर चालत. त्या मालाशिवाय गाडी धावणारच नव्हती, म्हणून तेवढी सूट होती. बाकी खर्च गाडी बनवणारी कंपनी, एखादा श्रीमंत हौशी किंवा तेलकंपन्या उचलत. १९६७ च्या सुमाराला काही तेलकंपन्यांनी हात आखडता घेतला तेव्हा संघांपुढे पैशाचा प्रश्न उभा राहिला आणि शर्यतींच्या जागतिक संघटनेने बाहेरच्या प्रायोजकांना दार उघडून दिले. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या ग्रां प्रीत ‘गनस्टन’ सिगारेटच्या रंगांतल्या गाड्या धावल्या. मे महिन्यात स्पेनमध्ये ग्रॅहम हिलने लाल, पांढऱ्या, सोनेरी रंगांतली लोटस जिंकून आणली. ते रंग ‘गोल्ड लीफ’ सिगारेटच्या पाकिटाचे होते. ब्रिटनचा हिरवा रंग त्या संघाच्या अंगावरून एका हंगामात उतरला.

पुढची ३५-४० वर्षे सिगारेट कंपन्यांची. काळ्या-सोनेरी ‘जॉन प्लेअर स्पेशल’ लोटस आणि लाल-पांढऱ्या ‘मार्लबोरो’ मॅक्लारेन शर्यत न पाहणाऱ्यालाही ओळखू येत. रंगसंगती म्हणून त्या फार सुंदर होत्या, हे मान्य करायला हवे. पण त्या सौंदर्याचे काम पोराटोरांच्या मनात सिगारेटला धैर्याच्या आणि वेगाच्या शेजारी बसवणे हेच होते. टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिरातींवर देशोदेशी बंदी येत गेली तसतसा हा पैसा शर्यतींकडे वळला, कारण गाडी धावत असताना कॅमेऱ्याला तिच्याकडे पाठ फिरवता येत नाही. युरोपीय संघाने ३१ जुलै २००५ पासून असे प्रायोजकत्व बंद केले. मार्लबोरोने त्यानंतरही फेरारीवर लाल-पांढऱ्या-काळ्या उभ्या पट्ट्या ठेवल्या. त्या बारकोडसारख्या दिसत, आणि वेगात जाताना सिगारेटच्या पाकिटाची आठवण करून देतात असा आक्षेप आल्यावर मे २०१० मध्ये त्या काढल्या गेल्या. नाव न लिहिताही नुसत्या रंगाने माल विकता येतो, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

याच काळातली एक रंगसंगती मात्र आज मुंबईशी बांधली गेली आहे. फिकट निळा आणि त्यावर झेंडूसारखा नारिंगी पट्टा, हे ‘गल्फ’ तेलाचे रंग. अमेरिकेच्या गल्फ ऑइलचा मूळ निळा गडद होता. कॅलिफोर्नियातली विल्शायर ही तेलकंपनी गल्फने विकत घेतली तेव्हा तिचा फिकट निळा हाती आला आणि १९६७ मध्ये जॉन वायरच्या संघाने तो मिराज गाडीवर चढवला. त्याच रंगांतल्या, त्याच एका फोर्ड जीटी-४० गाडीने १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. नंतर स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘ल मां’ चित्रपटात याच रंगांची पोर्शे ९१७ झळकली आणि हा निळा-नारिंगी जोड अमर झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेतली मूळ कंपनी शेव्हरॉनमध्ये विलीन झाली आणि जगाच्या मोठ्या भागातले गल्फ नावाचे हक्क हिंदुजा समूहाकडे आले. परमानंद हिंदुजांनी १९१४ मध्ये मुंबईत पेढी सुरू केली, तोच हा समूह. २०२१ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीपुरती मॅक्लारेनने आपली गाडी या जुन्या रंगांत रंगवली, लँडो नॉरिस तिसरा आला आणि जगभरच्या शौकिनांना भरून आले. मोटार शर्यतींतल्या बहुधा सर्वांत लाडक्या रंगांवर मुंबईत वाढलेल्या एका घराण्याचा हक्क आहे.

आता जागेच्या विक्रीचे गणित. दहीहंडीला निघालेल्या गोविंदा पथकाचा टी-शर्ट डोळ्यांपुढे आणा. छातीवर मोठ्या देणगीदाराचे नाव, पाठीवर दुसऱ्याचे, बाहीवर कोपऱ्यावरच्या दुकानाचे. शर्यतीच्या गाडीची वाटणी अशीच असते, फक्त तिथे भाव कॅमेरा ठरवतो. दोन्ही कुशींवरचे फुगीर भाग, म्हणजे साइडपॉड, बाजूने घेतलेल्या दृश्यात सर्वांत मोठे दिसतात. मागचा पंख मागून पाठलाग करणाऱ्या गाडीच्या कॅमेऱ्यात सतत असतो. चालकाच्या डोक्यामागच्या कॅमेऱ्यात समोरची सुरक्षा-कमान दिसते. ही ‘हेलो’ नावाची कमान २०१८ मध्ये चालकांचे जीव वाचवण्यासाठी आली आणि तिच्यावरही लगेच नावे चढली. संघाच्या नावातच ज्याचे नाव जोडले जाते तो मुख्य प्रायोजक. काही जण रोख पैशाऐवजी तेल, बेअरिंग किंवा संगणकसेवा देतात, त्यांना तंत्रसहयोगी म्हणून लहान जागा मिळते. हेल्मेटवरची जागा पुष्कळदा चालक स्वतःच्या प्रायोजकासाठी राखून ठेवतो. नव्या चालकाच्या आयुष्यात ती जागा फार मोलाची असते.

एका संघाच्या दोन्ही गाड्या सारख्याच रंगांत असाव्यात असा फॉर्म्युला वनचा दंडक आहे. १९९९ मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या बीएआर संघाला एका गाडीवर ‘लकी स्ट्राइक’ आणि दुसरीवर ‘५५५’ हवे होते. परवानगी नाकारल्यावर त्यांनी प्रत्येक गाडी उभी मधोमध वाटली. डावी कूस एका सिगारेटची, उजवी दुसरीची, मध्ये रंगवलेली चेन. गाडी विद्रूप दिसत होती. त्या हंगामात संघाला एकही गुण मिळाला नाही, अर्थात त्याला कारणे वेगळी होती.

रंगाला वजनही असते. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या नव्या गाड्या ७९८ किलोच्या किमान वजनापेक्षा जड भरल्या, तेव्हा संघांनी रंगच खरवडायला घेतला. कार्बन फायबरचा काळा पृष्ठभाग उघडा ठेवून वजन वाचवले. म्हणून त्यानंतरच्या काही वर्षांत इतक्या गाड्या काळ्या दिसल्या. प्रायोजकाला रंग हवा, अभियंत्याला तो नको, आणि प्रत्येक हंगामात या दोघांत तडजोड होते. रंगाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. भारतात मोटारींना रंग पुरवणाऱ्यांत आघाडीवर असलेली नेरोलॅक १९२० मध्ये लोअर परळला ‘गहागन पेंट्स’ या नावाने सुरू झाली, आणि एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ मध्ये फोरास रोडवरच्या एका गॅरेजात झाली. दोन्ही ठिकाणे रे रोडहून फार लांब नाहीत.

भारतीय पैसा फॉर्म्युला वनमध्ये कसा शिरला, याची गोष्ट एकाच संघाच्या अंगावर वाचता येते. १९९१ मध्ये आलेला जॉर्डन संघ आधी ‘सेव्हन अप’च्या हिरव्यात होता. मायकेल शूमाकरची पहिली शर्यत त्याच गाडीत झाली. मग दक्षिण आफ्रिकेच्या ‘सॅसोल’ तेलकंपनीचा निळा आला. १९९६ पासून ‘बेन्सन अँड हेजेस’ सिगारेटचा सोनेरी आणि पुढे झळझळीत पिवळा. जिथे तंबाखूची जाहिरात चालत नसे तिथे गाडीच्या नाकाडावर कधी साप, कधी गांधीलमाशी रंगवून नावाची अक्षरे बदलली जात. याच पिवळ्या जॉर्डनमध्ये ६ मार्च २००५ रोजी मेलबर्नला नारायण कार्तिकेयन बसला. फॉर्म्युला वनमधला तो पहिला भारतीय, आणि त्याच्या गाडीवर ‘टाटा’ लिहिलेले होते. फोर्टातल्या बॉम्बे हाउसमधून चालणाऱ्या समूहाने एका कोइम्बतूरच्या मुलाला जगाच्या सर्वांत महाग खेळात जागा मिळावी म्हणून पाठबळ दिले. त्या काळात तळाच्या संघात चालकाबरोबर प्रायोजक यावा लागे, आजही लागतो. त्याला काही जण ‘पैसे देऊन मिळवलेली जागा’ म्हणून नाक मुरडतात. मला ते अन्यायाचे वाटते. युरोपातल्या मुलामागे वयाच्या आठव्या वर्षापासून गाड्यांच्या कंपन्या असतात. भारतातल्या मुलामागे कोणीतरी उभे राहणे, एवढेच टाटांनी केले. जून महिन्यात इंडियानापोलिसला टायरच्या वादामुळे फक्त सहा गाड्या धावल्या आणि कार्तिकेयन चौथा आला. भारतीयाने मिळवलेले ते पहिले गुण.

त्याच संघाची तीन वर्षांत तीनदा विक्री झाली. मिडलँड, मग डच मालकीचा स्पायकर, आणि २००७ च्या अखेरीस विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया. स्पायकरने हॉलंडचा नारिंगी आणला होता. मल्ल्यांनी पहिल्या वर्षी पांढरा-सोनेरी रंग वापरला, पण २००९ पासून पांढऱ्यावर केशरी आणि हिरवा चढला. शंभर वर्षांपूर्वीचा देशाचा रंग गाडीवर परत आला, आणि या वेळी तो आपला होता. ३० ऑगस्ट २००९ रोजी बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर जिआनकार्लो फिसिकेलाने ही तिरंगी गाडी पहिल्या क्रमांकावरून सोडली आणि किमी रायकोनेनच्या पाठोपाठ, एका सेकंदापेक्षा कमी अंतराने, दुसरी आणली. त्या दुपारी टीव्हीसमोर बसलेल्या कोणाही भारतीयाला कारखाना इंग्लंडात आहे, चालक इटलीचा आहे, इंजिन जर्मन आहे हे आठवले नसेल.

पण त्या गाडीवरच्या बाकी नावांकडे नीट पाहायला हवे होते. ‘किंगफिशर’ हे मालकाचे स्वतःचेच नाव होते. म्हणजे संघ जागा विकत नव्हता, मालकाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसा जात होता. मुंबईतून कारभार चालवणारी किंगफिशर एअरलाइन्स २०१२ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार देऊ शकत नव्हती, त्या वर्षी ऑक्टोबरात तिची विमाने कायमची जमिनीवर आली. आणि ‘किंगफिशर’ हे नाव गाडीवर त्यानंतरही झळकत राहिले. पगार न मिळालेल्या माणसाला रविवारी टीव्हीवर ते नाव ताशी ३०० किलोमीटरने जाताना पाहून काय वाटले असेल? २०११ मध्ये संघाचा ४२.५ टक्के हिस्सा १० कोटी डॉलरना घेणारा सहारा समूहही काही वर्षांत कोर्टकचेऱ्यांत सापडला. २०१७ मध्ये ‘बीडब्ल्यूटी’ या ऑस्ट्रियन पाणी शुद्धीकरण कंपनीने अख्खी गाडी गुलाबी केली, जुलै २०१८ मध्ये संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, आणि आज तोच संघ ॲस्टन मार्टिन नावाने ब्रिटिश हिरव्या रंगात धावतो. एकाच संघाने हिरव्यापासून हिरव्यापर्यंत एवढे रंग पाहिले. मालक बदलले, नाव बदलले, सिल्व्हरस्टोनजवळचा कारखाना तिथेच राहिला.

याउलट महिंद्रा आणि टाटांचा आजचा मार्ग शांत आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा आहे. महिंद्राने आधी मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींत हात आजमावला. २०१६ मध्ये ॲसनला फ्रान्चेस्को बन्याइयाने मोटो ३ ची शर्यत महिंद्रावर जिंकली. फॉर्म्युला ई मध्ये १० जून २०१७ ला बर्लिनमध्ये फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला तिथे मोटर, बॅटरी आणि सॉफ्टवेअर यांचे जे धडे मिळतात ते जाहिरातीच्या पैशात मोजता येत नाहीत. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार घेतली. जग्वारचा फॉर्म्युला ई संघ सुरुवातीला ‘पॅनासॉनिक’च्या नावाने धावायचा, २०२१ च्या अखेरीपासून ती जागा टीसीएसने घेतली आणि २०२४ मध्ये ‘जग्वार टीसीएस रेसिंग’ने संघांचे अजिंक्यपद मिळवले. टीसीएसला ट्रॅकवरच्या प्रेक्षकाला काही विकायचे नसते. तिचे गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमानकंपन्या, मोटार कारखाने. त्यांच्या प्रमुखांना शर्यतीच्या दिवशी संघाच्या गॅरेजात नेऊन, गाडीतून क्षणोक्षणी येणारी माहिती कशी वाचली जाते हे दाखवणे हीच तिची जाहिरात. म्हणजे विद्युत शर्यतींच्या या जागतिक मालिकेत दोन संघांच्या मालकीचा धागा मुंबईपर्यंत येतो. एक बॉम्बे हाउसकडे, दुसरा माझगावात जीप जोडणाऱ्या कंपनीकडे.

मग माझी तक्रार काय? पैसा वरच्या पायरीवर आहे, खालच्या पायरीवर नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. आज राष्ट्रीय शर्यतींचे मुख्य ट्रॅक चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला आहेत. मुंबई-पुण्याच्या मुलाला गो-कार्टिंगच्या पुढे जायचे तर गाव सोडावे लागते आणि त्यानंतरचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात राहत नाही. फोर्स इंडियाच्या साऱ्या कहाणीत सर्वांत टिकाऊ गोष्ट कोणती म्हणाल, तर २०११ मधला ‘वन फ्रॉम अ बिलियन’ हा शोध. देशभरातल्या मुलांतून निवडलेल्या तिघांत मुंबईचा, तेव्हा तेरा वर्षांचा, जेहान दारूवाला होता. पुढे त्याने फॉर्म्युला टू मध्ये शर्यती जिंकल्या, महिंद्राचा राखीव चालक झाला आणि मासेरातीच्या संघातून फॉर्म्युला ई चा पूर्ण हंगाम खेळला. मल्ल्यांच्या गाडीवरचा तिरंगा पुसला गेला, पण त्या पैशाच्या एका लहानशा तुकड्याने उघडलेले दार उघडेच राहिले.

प्रायोजकत्वाचा करार करणाऱ्या मुंबईतल्या कंपन्यांना माझे एवढेच सांगणे आहे. जागतिक गाडीच्या साइडपॉडवर नाव लिहाच, तो तुमचा हक्क आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो. पण त्याच करारातला थोडा भाग महाराष्ट्रातल्या एखाद्या कार्टिंग शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हेल्मेटसाठी राखून ठेवा, आणि तो एका हंगामापुरता न ठेवता निदान पाच वर्षे चालू ठेवा.